माईची तामली

बेलवलीच्या घरात चाळीस वर्षं एकच रीत होती. माईची तुपाची तामली धाकट्या लेकाच्या, मधूच्या वरणभातावर मनसोक्त वाकायची आणि थोरल्या चिंतामणीला उरलेसुरले चार थेंब मिळायचे. त्याची पोटदुखी तेव्हापासूनची. गेल्या आठवड्यात उल्हासनगरला मधूची सोनोग्राफी झाली. “लिव्हरवर चरबी साचलीय, तिच्यामागून शुगरही आलीय,” डॉक्टर म्हणाले, “तूप, गोडधोड बंद!” आज माई मधूचं ताट ओलांडून चिंतामणीपाशी आली आणि तिनं भातावर धारच धरली. चिंतामणी आतून सुखावला. मग माई मधूशेजारी जेवायला बसली. तिचाही भात बिनतुपाचाच होता. “हे काय गं, माई?” चिंतामणीनं विचारलं. “माझ्या मधूला नाही, तर मला कसलं तूप गोड लागतंय!” चिंतामणीनं हातातला घास परत ताटात ठेवला. “उद्या मीपण सोनोग्राफी काढतो.” मधूच्या पाठीवरून हात फिरवत माई म्हणाली, “तुला काय धाड भरलीय? जेव मुकाट्यानं!”