सात नंबरची नोंद

सकाळचं ऊन वॉर्डात पेंगत होतं. सवयीप्रमाणे डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर सात नंबरच्या आजींची कालची नोंद उचलून आजच्या तारखेखाली चिकटवली: ‘श्वास संथ, नियमित. मुलीशी बोलतात.’

“मॅडम, झोपेत आहात की काय?” सिस्टर खांद्यावरून डोकावल्या. “आजी मघाशीच गेल्या. तुम्हीच नाडी पाहिलीत ना!”

बाईंनी जीभ चावली आणि चूक खोडायला बटण दाबलं.

‘नोंद कायमची पुसायची?’ स्क्रीनने नेहमीप्रमाणे विचारलं.

तेवढ्यात पडद्याआडून आजींच्या मुलीचा आवाज आला, कुणाची झोपमोड होऊ नये इतका हळू.

“डॉक्टर, आई पाणी मागतेय.”

सिस्टरांनी स्क्रीनवरची नोंद पुन्हा वाचली. बाईंनी माउसवरचा हात अलगद, एकेक बोट करून उचलला.