बिनडागाचा पदर

समाचाराला आलेल्या बायका शैलजाच्या तोंडाकडे कमी आणि पदराकडे जास्त बघत होत्या. बीटाच्या नव्या वाणाचा रंग मिठात मिसळायला लागल्यापासून माणसांचे अश्रूही गुलाबी झाले होते. मयताच्या घरी कोण किती रडलं, हे आता विचारावं लागत नसे. लोक मुद्दाम फिकट कपडे घालून येत. नणंदेच्या, म्हणजे उज्ज्वलाच्या पदरावर गुलाबी डागच डाग होते. शैलजाच्या पांढुरक्या पदरावर एकही नव्हता.

"चार वर्षं नवऱ्याचं सगळं केलं, पण शेवटी डोळ्यांत टिपूस नाही," कुणीतरी कुजबुजलं.

शैलजाला ते ऐकू आलं. असेलही तसं, असं तिला वाटलं. तिला भूक नव्हती, झोप नव्हती, काहीच जाणवत नव्हतं.

बायका गेल्यावर उज्ज्वलाने शेजारून आलेला पिठलं-भात वाढला आणि एक घास घेतला.

"अळणी झालंय. वहिनी, मीठ कुठंय?"

"घरात मीठ नाही, वन्सं. यांना बंद होतं ना."

"दादाला बंद होतं. तुम्ही काय खात होतात?"

"त्यांच्यासमोर बसून चवीचं कसं खाणार? एकाच भांड्यातलं दोघं खायचो."

उज्ज्वलाचा हात ताटातच थांबला. मग तिने पुढे वाकून वहिनीचा पदर मुठीत धरला. तो पिळून घेण्याइतका ओला होता.