तोंडाला कुलूप

चिमीच्या पोटात काही राहत नसे. मनात आलं की लगेच ओठांवर. डॉक्टरांकडे या प्रकाराला हातभर लांब नाव होतं, आजी मात्र सरळ 'फटकळ' म्हणायची. पहिल्या शाळेत प्रवेश घ्यायला गेल्यावर तिने मुख्याध्यापकांना सांगितलं, "तुमचे केस खोटे आहेत." दुसऱ्या शाळेत म्हणाली, "तुमच्या तोंडाला वास येतो." दोन्हीकडच्या रिकाम्या जागा एकदम भरून गेल्या.

आता जवळपास ही एकच सरकारी शाळा उरली होती. आईने पायऱ्यांवरच दम भरला, "आत तोंडाला कुलूप! काहीही दिसलं तरी बोलायचं नाही."

मोठ्या बाईंनी दोघींना हौसेने सगळी शाळा फिरवून दाखवली. चिमी ओठ घट्ट मिटून त्यांच्या मागे चालत होती, गाल फुगवून, लालबुंद होऊन. ऑफिसात बसल्यावर बाईंनी मायेने विचारलं, "काय गं, काही बोलायचंय का?"

कुलूप तुटलं. "तुमचा स्वेटर उलटा आहे. मानेवर लेबल दिसतंय."

आईने कपाळावर हात मारला आणि पर्स उचलून ती उठलीच.

"अहो, बसा!" बाई मानेवरचं लेबल चाचपत म्हणाल्या. "सकाळपासून अख्खा स्टाफ भेटून गेला. शिवणाच्या बाई तर म्हणाल्या, 'काय छान दिसतोय!'"



मग चिमीकडे बघत म्हणाल्या, "उद्यापासून हिला पाठवा. पण रोज आधी माझ्याकडे, मग वर्गात."