उकळलेला नमुना

डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळेच्या टेबलावर डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. आत मेंढीचं डोकं होतं. शिजलेलं.

"मावशी, हे उकळलंत?"

"म्हणजे काय," मेंढ्यांची मालकीण म्हणाली. "डबा उकळून घ्या, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. उकळलेल्या डब्यात तसलं डोकं कसं ठेवायचं? चांगलं तासभर उकळलं. एक जंतू राहिला नसेल."

तीनदा फोन करून सांगितलं होतं, दगावलेल्या मेंढीचं डोकं तपासायला ताजं हवं, बर्फात हवं. भिंतीला सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. बाईंनी हातमोजे ओढून काढले.

"अहो, मला ज्या रोगाचा संशय आहे त्यात जंतू नसतोच. मेंदूत एक प्रथिन असतं. माझ्या, तुमच्या, मेंढीच्या, सगळ्यांच्याच. ते वाकडं दुमडतं, मग शेजारच्याला वाकडं करतं, ते त्याच्या शेजारच्याला. होता होता मेंदूची चाळण होते. उकळून ते मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं. वाया गेला तो माझा नमुना. शिजून लगदा झालेल्या मेंदूत आता काय डोंबल बघू मी?"

"मग आता हो?"

"आता काय. नमुना नाही तर अहवाल नाही. अहवाल नाही तर नुसत्या संशयावर सगळा कळप मारतात."

मालकीण खुर्चीच्या कडेवर टेकली. "चाळीस आहेत," ती म्हणाली. "काहींना तर बाटलीने दूध पाजून वाढवलंय मी."

बाईंचा निम्मा राग तिथेच उतरला, आणि उतरला म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. त्यांनी खात्यातल्या वरच्या साहेबांना फोन लावला. दहा मिनिटं हुज्जत घातली. एकच मेंढी दगावली आहे, बाकीच्या धडधाकट आहेत, दुसरा नमुना मिळेपर्यंत नुसत्या वेगळ्या ठेवू. साहेब वैतागून एकदाचे हो म्हणाले. बाईंनी मेंढ्या वेगळ्या ठेवायचा अर्ज पुढे ओढला आणि भराभर रकाने भरायला घेतले.

"खायला काय घालता त्यांना? पटकन सांगा."

"भुसा, पाला." मालकिणीने डोळे पुसले. तिचा चेहरा आता जरा खुलला होता. "आणि काल भुशात ते डोकं उकळलेलं पाणी कालवलं. एवढं ताकदीचं पाणी, फेकवेना. चाळीसही जणींना पुरलं."