उघडी बशी

"कोपरापर्यंत धुवा, आजी. नखांतूनसुद्धा," सिस्टर विमला म्हणाली.

शेवंतीने तिसऱ्यांदा साबण लावला. मुलुंडच्या या सूतिकागृहात आल्यापासून तिने नात पाहिली होती ती दाराच्या काचेतूनच. वॉर्डातल्या दोन बाळांच्या अंगावर पिवळे फोड आले आणि डॉक्टर अनुपमांनी भेटायला येणाऱ्यांना बंदी केली. डबा दारातून द्यायचा, लेकीकडे बघून हसायचं, परत फिरायचं. आज बंदी उठत होती. आजच उठायला हवी होती, कारण उद्या सकाळी शेवंतीची कणकवलीची एस.टी. होती. गावी भाताची लावणी खोळंबली होती.

जावई अनंत मित्राचा कॅमेरा गळ्यात अडकवून उभा होता. रोलमधला शेवटचा फोटो त्याने सासूसाठी राखून ठेवला होता.

"आई, पदर सारखा करा. आणि जरा हसा, रंगीत रोल आहे."

डॉक्टर अनुपमा काचेच्या दोन बश्या घेऊन आल्या, परीक्षेत पहिल्या आल्यासारख्या.

"ही बघा, बंदीच्या आधीची." आतल्या पिवळसर थरावर रवा सांडावा तसे ठिपके दाटले होते. "अशी बशी वॉर्डात तासभर उघडी ठेवायची. हवेतले जंतू तिच्यात पडतात. मग झाकून उबेला ठेवली की दोन दिवसांत एकेक जंतू आपलं गाव वसवतो. हे सगळे आपणच सोडलेले. बोलताना, शिंकताना, पदर झटकताना."

अनंतने बोलायला उघडलेलं तोंड मिटलं.

"आणि ही परवाची." दुसऱ्या बशीत एकही ठिपका नव्हता. "गर्दी बंद केली, जाड पडदे काढले, झरोके उघडले. बघा, हवा कशी धुतल्यासारखी झाली! या आजी, आत या."

सुलक्षणा बाळाला घेऊन दारापर्यंत आलीच होती. "घे गो आये. अगदी तुझ्यावर गेलीय. नाकासकट."

शेवंतीने हात पुढे केले आणि ते तसेच अधांतरी राहिले. ती बाळाकडे बघत नव्हती, बशीकडे बघत होती.

"डॉक्टरीणबाई, ही बशी दाराजवळच्या टेबलावर होती?"

"हो. का?"

"तां मियां झाकलंय."

कुणालाच काही कळेना.

"डबो देऊक इलंय, तर कोणाचो तरी खरवस उघडो. म्हटलां माशी बसात. दारातून हात घातलंय नि ठेवलंय झाकण." तिने ओले हात पोटाशी घेतले. "तुमी ठेवन गेल्यात नि लगेच."

"खरवस?" डॉक्टर म्हणाल्या.

विमलाने जीभ चावली. "झाकलेली दिसली तेव्हा मला वाटलं, तुम्हीच झाकलीत."

"आणि मला वाटलं तू!"

अनंत सासूच्या कानाशी आला. "आई, कशाला बोललात? उद्या गाडी ना तुमची! मी बाप असून काचेतूनच बघतोय तिला. घ्या पटकन. बशी काय साक्ष द्यायला येणार नाही."

"आणि पोरीच्या आंगार फोड इले, तर?"

सुलक्षणा बाळाला छातीशी घेऊन दोन पावलं मागे सरली.

डॉक्टरांनी स्वच्छ बशी पुन्हा एकदा उजेडात धरली. रागवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण 'खरवस' असं पुटपुटल्या मात्र आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. भिंतीला टेकून त्यांनी डोळे पुसले.

"हिच्यात हवा शिरलीच नाही. परत ठेवावी लागेल, आजी. निकाल परवा. तुमची गाडी मात्र..."

शेवंतीने कनवटीचं तिकीट काढून जावयाच्या हातावर ठेवलं. "बदलून आणा. लावणी जावा बघतील. आणि तो फोटो कुणा दुसऱ्यावर घालवू नका."

टेबलावर नवी बशी आली. डॉक्टरांनी झाकण काढलं, दार लावलं आणि बाहेर काचेशी एक स्टूल ठेवलं. "पहारा तुमचा."

शेवंती बसते न बसते तोच जिन्यातून दुसरी एक आजी डबा घेऊन वर आली. डबा घ्यायला विमलाने दार उघडलं.

"अगं बया, हे कुणी उघडं टाकलंय?" म्हणत त्या आजीचा हात आत गेलाच.

"हात मागे!" शेवंती अशी ओरडली की खालच्या वॉचमननेही वर पाहिलं. "खरवस नाय तो."

"मग काय हाये?"

"हवा," शेवंती म्हणाली. "मोजतायत."

ती आजी बशीकडे, मग शेवंतीकडे बघत राहिली आणि विमलाच्या हाती डबा देऊन, तोंडाला पदर लावून, पायऱ्या उतरली.

काचेपलीकडे सुलक्षणा बाळाला दाखवायला पुढे आली. पोरीने ऐसपैस जांभई दिली, मग एक लाथ मारली. दुपटं सरकलं आणि गुलाबी पाऊल बाहेर आलं. शेजारी टेबलावर बशीही उघडीच.

शेवंतीचे हात आपसूक उठले. तिने ते ओढून मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिली.