खांडेनवमीची तलवार

एकोणीसशे सत्तावन्न सालची खांडेनवमी. भोसरीच्या मारुतराव पाटलांनी पणजोबांची तलवार म्यानासकट पाटावर मांडली, हळद-कुंकू वाहिलं. त्यांच्या मुलाने, ज्योतीरामने, हळूच शेजारी एक हातोडी ठेवली. टेक्निकल हायस्कूलमध्ये लोहारकामाच्या वर्गात त्याने ती स्वतः घडवली होती. शाळेच्या रीतीप्रमाणे तिच्यावर त्याचा हजेरी नंबर ठोकलेला होता: सत्तावीस.

"पाटलाच्या घरात हातोडी पुजायची? लव्हाराचं घर हाय का ह्ये? चाकणचं पाव्हणं बघून काय म्हंतील!" मारुतरावांनी ती पायानेच बाजेखाली सारली.

तेवढ्यात लेकीचे सासरे चाकणहून आलेच. तलवारीला फूल वाहून म्हणाले, "पाटील, हिच्याबद्दल लई ऐकलंय. एकदा म्यानातनं काढून दावा की."

महायुद्धाच्या दिवसांत लोखंडाला भाव आला, तेव्हा पातं मारुतरावांनीच चोरून मोडीत घातलं होतं. म्यानात नुसती मूठ खोचलेली होती.

ते सबब शोधत होते, तोच ज्योतीराम पुढे झाला. त्याने मूठ धरून ओढली आणि लखलखीत पातं बाहेर आलं.

"वा!" व्याही म्हणाले. "ह्याला म्हनायचं पाटलाचं घर!"

मारुतरावांनी तलवार हातात घेतली आणि त्यांची मान जी खाली गेली, ती वर येईना.

 

पात्यावर, मुठीच्या अगदी जवळ, बारीक आकडा ठोकलेला होता: सत्तावीस.