इंदुप्रभाबाईंचा आवाज

पडद्यावर दिसायच्या इंदुप्रभाबाई आणि ऐकू यायची त्यांची धाकटी बहीण सरोज. बाईंचा स्वतःचा आवाज पडला घोगरा, त्यात मालवणी हेल; म्हणून त्यांच्या प्रत्येक सिनेमाचं डबिंग सरोजने केलं आणि दोघींनी ते जन्मभर झाकून ठेवलं. पुढे कामं थांबली, दोघी बाळकुमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तरी चाहत्यांचे फोन सरोजच घ्यायची. "हं, इंदुप्रभा बोलतेय," एवढं म्हटलं की पलीकडचा माणूस हरखून जायचा. बाई शेजारी बसून वाल सोलत असायच्या.

सोमवारी सरोज गेली. बाईंना रडूसुद्धा आलं नाही.

गुरुवारी सकाळी फोन वाजला आणि वाजतच राहिला. शेवटी त्यांनीच उचलला.

"हॅलो, मी चॅनलमधून संचिता बोलतेय. इंदुप्रभा मॅमना देता का जरा? त्यांच्यावर प्रोग्राम करतोय, त्यांच्या आवाजात फक्त एक डायलॉग हवाय."

बाईंनी समोरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"ती गेली गो बाय," त्या म्हणाल्या. "सोमवारी."

"ओह. सॉरी हां, काकी."

संध्याकाळी टीव्हीवर बाईंच्या स्वतःच्याच फोटोला हार घातलेला होता. मग त्यांचा एक जुना सीन लागला, तेव्हा त्यांनी रिमोट घेऊन आवाज मोठा केला.



सरोज बोलत होती.